नीरेच्या अलीकडची बीएस्सी

पुण्याहून साताऱ्याकडं निघालं की नसरापूरचा फाटा, कापूरहोळ, किकवी, सारोळा अशी गावं एकापाठोपाठ मागं पडतात आणि नीरेचा पूल येतो. पुलापलीकडं शिरवळ. जिल्हा बदलला हे रस्त्याकडेच्या पाटीवरून कळतं. विद्यापीठही बदललं, हे मात्र कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. अलीकडचं सारोळा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत, पलीकडचं शिरवळ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. शिरवळहून गणेशखिंडीत, म्हणजे पुणे विद्यापीठात, जायचं तर साठेक किलोमीटर. कोल्हापूर गाठायचं तर त्याच्या तिप्पट.

ही एकच सीमा असती तरी चाललं असतं. सारोळ्याचा तालुका भोर. तिथून पश्चिमेला निघालं, नीरा-देवघरचं पाणी उजव्या-डाव्या हाताला ठेवत वरंधा घाट उतरला की महाड. महाड रायगड जिल्ह्यात, म्हणून मुंबई विद्यापीठात. भोरहून दक्षिणेला आंबाडखिंडीतून मांढरदेवीवरून उतरलं की वाई. पुन्हा सातारा जिल्हा, पुन्हा कोल्हापूर. शेजारच्या वेल्हे तालुक्याची पश्चिम बाजू तर थेट सह्याद्रीच्या धारेवरच संपते. मढे घाटाच्या कड्यावर उभं राहिलं की पायाखाली दिसतो तो रायगड जिल्हा. भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके मिळून असे तीन विद्यापीठांच्या बांधावर बसलेत.

इथल्या माणसाच्या जगण्यात हा बांध कुठंच येत नाही. काळूबाईच्या जत्रेला भोर खोऱ्यातली माणसं वाई तालुक्यात जातात, शिरवळच्या एमआयडीसीत भोरची पोरं कामाला असतात, आणि सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्या नदीच्या अन् घाटाच्या दोन्ही अंगांना होत आल्या आहेत. हिर्डस मावळातली लेक पोलादपूर-महाडकडं दिली, खंडाळ्याची सून गुंजवणीच्या खोऱ्यात आली, यात कोणाला काही वेगळं वाटत नाही. अडतं ते एकाच ठिकाणी. ती लेक बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असली, तर.

धरू, की ती भोरच्या एखाद्या महाविद्यालयात आहे. पहिलं वर्ष पार पडलंय, दोन सत्रांची मिळून ४४ क्रेडिट्स खात्यावर जमा आहेत, रसायनशास्त्र हा मुख्य विषय घ्यायचं पक्कं झालंय. मे महिन्यात लग्न ठरतं. स्थळ वाईकडचं. सासरची माणसं समजूतदार आहेत; 'शिकू दे की, आमच्याकडंही कॉलेज आहे' असं त्यांनी बैठकीतच सांगितलेलं. आहेच, वाईला किसन वीर महाविद्यालय आहे, विज्ञान शाखा आहे. मग जूनमध्ये सासरे किंवा दीर तिला घेऊन तिथल्या कुठल्याशा कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहतात आणि खिडकीच्या आतून एक एक शब्द बाहेर यायला लागतो. टीसी. मायग्रेशन. एलिजिबिलिटी. इक्विव्हॅलन्स. सिलॅबसची सही-शिक्क्याची प्रत. यातला एकही शब्द बैठकीत कोणी काढलेला नसतो.

त्यांचा अर्थ तिथंच नीट सांगितला तर निम्मा गोंधळ मिटेल, पण जूनमध्ये त्या खिडकीपुढं रांग असते. टीसी म्हणजे आधीच्या महाविद्यालयानं नाव कमी केल्याचा दाखला. मायग्रेशन म्हणजे आधीच्या विद्यापीठानं 'आता ही विद्यार्थिनी आमची नाही' असं लिहून देणं. एलिजिबिलिटी म्हणजे नव्या विद्यापीठानं 'ही आमची होऊ शकते' असं मान्य करणं. आणि इक्विव्हॅलन्स म्हणजे तिनं तिकडं शिकलेलं आमच्याकडच्या कशाच्या बरोबरीचं, याचा निवाडा. पहिले दोन कागद फी भरली की मिळतात. तिसरा विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून येतो, आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागतो. खरी गाठ चौथ्यात आहे. कारण तो निवाडा खिडकीतल्या लिपिकाच्या हातात नसतो, प्राचार्यांच्याही नसतो. तो अभ्यास मंडळाचा विषय, आणि अभ्यास मंडळ एका मुलीसाठी बसत नाही.

या सगळ्यात एक क्रूर क्रम लपलेला आहे. टीसी घेतल्याशिवाय पुढं अर्ज सहसा सरकत नाही, आणि टीसी घेतली की मागचा वर्ग सुटला. पुढून नकार आला तर परत यायची वाट असते, पण तोवर ऑगस्ट उलटलेला असतो.

हे असं का झालं, याला थोडा इतिहास आहे. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं. त्याआधी या साऱ्या मुलखाची महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, ते विद्यापीठ १८५७ चं. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान. ते १९४८ मध्ये विलीन झालं. त्या काळी भोरचा, वाईचा आणि महाडचा मुलगा मॅट्रिक होऊन पुण्याला इंटर सायन्सला बसला, तर तिघांची परीक्षा एकाच विद्यापीठाची. नवं पुणे विद्यापीठ आलं तेव्हा पश्चिम महाराष्ट्राचे बारा जिल्हे त्याच्याकडं होते, साताराही. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघालं आणि सातारा तिकडं गेला. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, पुण्याची हद्द आणखी आखडली. आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक एवढे तीन जिल्हे उरलेत. २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही उभं राहिलं; वाई-शिरवळ मात्र शिवाजीकडंच राहिलं. प्रत्येक नवं विद्यापीठ काढताना हेतू चांगलाच होता, शिक्षण लोकांच्या जवळ न्यायचं. ते गेलंही. फक्त प्रत्येक वेळी नकाशावर जी रेघ ओढली गेली ती जिल्ह्याची होती, आणि जिल्ह्याची रेघ नदीवरून, घाटमाथ्यावरून जाते. रेघेला अगदी चिकटून राहणाऱ्यांचा विचार मध्यावर बसलेल्यांना सुचत नाही.

'इथलं शिकलेलं तिथं चालत नाही' ही तक्रार महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनी आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. तिथल्या पदवीला नाव होतं गृहीतागमा, जी.ए. मातृभाषेतून शिकवलेला, बायकांच्या आयुष्याला धरून आखलेला अभ्यासक्रम. आणि सरकारी मान्यता नाही. विद्यापीठाला कायद्यानं दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये. मधली पस्तीस वर्षं तिथून बाहेर पडलेल्या बायकांच्या हातात जी पदवी होती, तिचं मोल समोर कोण बसलंय त्यावर ठरायचं. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या राष्ट्रीय पदव्यांचीही हीच गत होती. तेव्हा निदान भांडण तत्त्वाचं होतं, परकीय सरकारच्या मान्यतेवाचून शिकायचं असं ठरवून घेतलेलं. आज भोरहून वाईला जाणाऱ्या मुलीच्या वाटेत कुठलंच तत्त्व आडवं येत नाही. दोन्ही विद्यापीठं सरकारमान्य, दोन्हींना लागू कायदा एकच, २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम. आराखडाही एकच.

आराखड्याकडं जरा जवळून पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. महाराष्ट्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये शासन निर्णय काढून पदवीची रचना ठरवली. स्वायत्त महाविद्यालयांनी ती २०२३-२४ पासून घेतली, संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून. सत्राला २२ क्रेडिट्स, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. वर्गातल्या १५ तासांचं एक क्रेडिट. प्रयोगशाळेत मात्र एका क्रेडिटला ३० तास उभं राहावं लागतं. विज्ञानाच्या पोरांचा घाम इथंच जास्त निघतो. कला शाखेच्या मुलीची दोन क्रेडिट्स बुडाली तर ३० तास बुडाले. विज्ञानाच्या मुलीची प्रात्यक्षिकाची दोन बुडाली तर ६०.

त्या साठ तासांत काय असतं ते पाहायला पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जावं. स्टँडला अडकवलेली ब्युरेट शून्याच्या रेघेपर्यंत भरलेली. पिपेटनं १० मिली द्रावण फ्लास्कमध्ये घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब सोडायचे. डाव्या हाताची बोटं ब्युरेटच्या तोटीवर, उजव्या हातानं फ्लास्क सतत हलता. थेंब पडला की गुलाबी ठिपका उमटतो आणि विरतो, उमटतो आणि विरतो; जरा जास्त वेळ टिकायला लागला की श्वास धरून एक एक थेंब सोडायचा. फिका गुलाबी रंग टिकला, की थांबायचं. गडद झाला म्हणजे हात सैल सुटला, ओता बेसिनमध्ये आणि करा पुन्हा पहिल्यापासून. तीनदा करायचं, वाचनं जुळली की सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं स्थिर वाचन, लिहायचं. वर्षाच्या सुरुवातीला ज्या हातानं तोटी पूर्ण उघडी पडत असते, तोच हात फेब्रुवारीपर्यंत अर्धा थेंब ब्युरेटच्या टोकाला लटकवून फ्लास्कच्या काठाला टेकवायला शिकतो. यालाच प्रात्यक्षिकाचं शिक्षण म्हणतात आणि ते भोरला, वाईला, महाडला अगदी एकच आहे. शेजारच्या भौतिकशास्त्राच्या खोलीत केटरचा लंबक हलत असतो. त्यावरून काढलेला गुरुत्वत्वरणाचा आकडा नीरेच्या दोन्ही काठांना ९.८ च्या आसपासच येतो. विद्यापीठाच्या हद्दीचं त्याला काही कळत नाही.

हे सगळं जर्नलात उतरतं. उजव्या रेघी पानावर कृती, डाव्या कोऱ्या पानावर आकृती आणि निरीक्षणांचा तक्ता, अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रयोगापुढं तारीख आणि बाईंची किंवा सरांची सही, पहिल्या पानावर प्रमाणपत्र, त्याखाली विभागप्रमुखांची सही. मुलीनं साठ तास काय केलं याचा तारीखवार पुरावा म्हणावा तर तो हा. आणि प्रवेश बदलताना जो एक कागद कोणीच मागत नाही, तोही हाच. परीक्षा झाली की जर्नल रद्दीत जातं, नाही तर खालच्या वर्गातल्या कोणाला तरी 'बघून लिहायला'. खिडकीवर मागतात ती गुणपत्रिका, आणि गुणपत्रिकेवर असतो विषयाचा कोड, विषयाचं नाव, क्रेडिट, श्रेणी. कोड जुळत नाही. जुळणार कसा? प्रत्येक विद्यापीठानं आपापला पाडलाय.

गंमत अशी की गाडी बऱ्याचदा रसायनशास्त्रावर अडतच नाही. नव्या रचनेत २२ क्रेडिट्सच्या सत्रात विज्ञानाचे विषय असतात तसेच खुले वैकल्पिक विषय असतात, भाषा असते, मूल्यशिक्षण असतं, भारतीय ज्ञान प्रणाली असते, कौशल्याचे विषय असतात. शासनानं चौकट दिली. त्या चौकटीतला कोणता छोटा विषय कोणत्या सत्रात, किती क्रेडिटचा, हे विद्यापीठांनी आणि स्वायत्त महाविद्यालयांनी आपापलं भरलं. त्यामुळं टायट्रेशन येणारी मुलगी दोन क्रेडिटच्या अशा एखाद्या विषयापायी 'कमी' ठरू शकते, जो तिच्याकडं तिसऱ्या सत्रात यायचा होता आणि तिकडं पहिल्यातच होऊन गेला. मग सांगतात, तो विषय जादा म्हणून द्या. किंवा, पहिल्या वर्षालाच बसा. हे दुसरं वाक्य सासरच्या अंगणात पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असतो: 'नापास झाली वाटतं.'

यावर उतारा म्हणून केंद्रानं जे काढलं त्याचं नाव फार आश्वासक आहे, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम जुलै २०२१ चे. डिजीलॉकरमधून विद्यार्थ्याचं खातं उघडतं, बारा आकडी क्रमांक मिळतो, महाविद्यालयं-विद्यापीठं क्रेडिट्स जमा करतात, ती सात वर्षांपर्यंत जिवंत राहतात. शिक्षण मध्येच सुटलं तरी पुन्हा येऊन तिथून पुढं चालू करता यावं, एका संस्थेतलं दुसरीकडं नेता यावं, हा उद्देश. ऐकायला उत्तम. पण पासबुकात रक्कम दिसतेय म्हणून समोरचा दुकानदार नोट घेईलच असं नाही. खातं क्रेडिट सांभाळतं. ते कशाच्या बदल्यात धरायचं हे घेणारी संस्थाच ठरवते. म्हणजे इक्विव्हॅलन्सची गाठ जिथं होती तिथंच आहे, तिच्यावर फक्त संकेतस्थळ चढलंय.

आणखी एक कलम आहे, ज्याचा हिशेब भोर-वेल्ह्यातल्या प्रत्येक मुलीच्या बापानं एकदा करून पाहावा. याच नियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मी क्रेडिट्स मिळवलेली असली पाहिजेत. १३२ ची निम्मी ६६. पहिल्या वर्षानंतर जागा बदलली तर ८८ उरतात, काही अडचण नाही. दुसऱ्या वर्षानंतर बदलली तर उरतात ४४. म्हणजे एस.वाय. करून लग्न झालं आणि टी.वाय.ला दुसऱ्या विद्यापीठात जायचं म्हटलं, तर बाकी सगळे कागद हातात आले तरी हे गणित आडवं येतं. आणि आपल्याकडं 'एस.वाय. झालं, आता बघायला हरकत नाही' हेच वय धरलेलं असतं. लग्न ठरवताना पंचांग उघडतात, गुणमेलन बघतात. क्रेडिट्स कोणी मोजत नाही.

त्यातून नावाचं लफडं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. लग्नानंतर कोणीतरी हौसेनं, किंवा रेशनकार्डासाठी गरजेनं, आधारवरचं नाव बदलून आणतं. वडिलांच्या जागी नवरा, माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचं. क्रेडिटचं खातं आधारला टेकलेलं, गुणपत्रिका दहावीच्या दाखल्याला टेकलेली. एकच मुलगी, पण दोन यंत्रणांच्या लेखी दोन बाया. यावर राजपत्र, विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र असे उपाय आहेत आणि प्रत्येक उपायाला तहसीलची एक फेरी आहे. (वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये घेतला. पत्त्यातला तालुका बदलला म्हणून उद्या कोणी आणखी एक दाखला मागू नये, एवढीच इच्छा.) पदवी हातात येईपर्यंत आधारवरचं नाव हलवू नये, हा सल्ला रुक्ष वाटेल, पण तो साखरपुड्यातच द्यायचा सल्ला आहे.

वेल्ह्याची तऱ्हा थोडी निराळी. २०११ च्या जनगणनेत या अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या ५५ हजारांच्या आत होती, पुणे जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत कमी. तोरणा, राजगड, पानशेत, वरसगाव ही नावं शनिवार-रविवारच्या पुणेकराच्या ओठांवर असतात. तिथल्या पोरानं बारावी सायन्सनंतर कुठं जायचं हा प्रश्न सोमवारी उरतो. विंझरला अमृतेश्वर महाविद्यालय आहे. पण विषय हवा तो मिळेलच असं लहान तालुक्यात नसतं, म्हणून बरीच मुलं धायरी, कात्रज, शिवाजीनगरकडं जातात. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, मेसचा डबा लावायचा, आणि घरून येणारे पैसे भाताच्या पेंढ्यांवर आणि दुधावर अवलंबून. वर्षभरात ओढाताण झाली की मुलगा म्हणतो, घराजवळच्या कॉलेजात जातो. विद्यापीठ तेच, त्यामुळं मायग्रेशन लागत नाही. पण तो ज्या कॉलेजातून येतोय ते स्वायत्त असेल, फर्ग्युसनसारखं, तर अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा. मग त्याच विद्यापीठात, त्याच जिल्ह्यात, पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात पुन्हा तोच इक्विव्हॅलन्स. आणि घराजवळच्या कॉलेजात त्याचा मेजर विषयच नसेल तर क्रेडिट्स जुळूनही उपयोग नाही. मायक्रोबायोलॉजीची क्रेडिट्स घेऊन आलेल्या मुलाला मायक्रोबायोलॉजीची प्रयोगशाळाच नसलेल्या ठिकाणी काय देणार?

हे झालं बीएस्सीतून बीएस्सीत. बीएस्सीतून दुसरीकडं जाणाऱ्यांचा तर वेगळाच ढीग आहे, आणि संख्येनं तोच मोठा असावा असं एफ.वाय.चे वर्ग बघून वाटतं. नीट किंवा सीईटी दुसऱ्यांदा द्यायची असते, वर्ष रिकामं दिसू नये म्हणून एफ.वाय.ला नाव घातलेलं असतं. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. भोरला फार्मसीचं महाविद्यालय आहे. कृषीची बीएस्सी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची. यातल्या कुठंही एफ.वाय.च्या ४४ क्रेडिट्सना विचारत नाहीत. डी.फार्मसी केलेल्याला बी.फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला थेट दार आहे. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकून आलेल्या बीएस्सीच्या मुलाला ते नाही, तो पुन्हा पहिल्या वर्षाला, पुन्हा त्याच ब्युरेटपुढं. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या परिषदांचे नियम वेगळे, त्याला कारणंही आहेत, ती मला पटतातही. पण एक वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला चार जादा क्रेडिट्सचं कौशल्याचं काम करून प्रमाणपत्र घेता येतं, हे नव्या रचनेतलं कलम त्या मुलांना जूनमध्ये कोणीतरी सांगायला हवं. ते वर्ष निदान कागदावर तरी उरेल.

परदेशात सगळं आलबेल आहे असंही नाही. अमेरिकेत क्रेडिटची पद्धत आपल्या कितीतरी आधीची, तरी तिथल्या सरकारच्या हिशेब तपासणी कार्यालयानं २०१७ मध्ये जो अहवाल दिला त्यात महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची अंदाजे ४३ टक्के क्रेडिट्स बुडत असल्याचं नोंदवलं होतं. तिथंही कारण हेच, निवाडा घेणाऱ्या संस्थेचा. ज्या राज्यांनी आधीच बसून पहिल्या दोन वर्षांचे विषय एकमेकांत जुळवून ठेवले, एक सामाईक कोड दिला, तिथं विद्यार्थ्याची वाट सोपी झाली. युरोपात वर्षाची ६० क्रेडिट्स असं माप बहुतेक देशांत चालतं, आणि विद्यार्थी निघण्याआधीच दोन्ही विद्यापीठं आणि तो मिळून करार लिहितात की तिकडं शिकलेलं इकडं काय म्हणून धरायचं. लिस्बनहून वॉर्सॉला जाणाऱ्यासाठी हे होतं. भोर-वाई अंतर त्यामानानं बरंच कमी आहे.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. पुणे, शिवाजी आणि मुंबई या तीन विद्यापीठांच्या रसायन, भौतिक, वनस्पती, प्राणी आणि गणित या अभ्यास मंडळांनी एकदाच, मुलगी खिडकीशी येण्याआधी, पहिल्या वर्षाचे तक्ते समोरासमोर ठेवावेत आणि 'हे बरोबर ते' अशी यादी करून टाकावी. पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक सगळीकडं इतकं सारखं आहे की वाद घालायला फारसं सापडणार नाही. छोट्या दोन-दोन क्रेडिटच्या विषयांसाठी 'एकूण बेरीज भरली की पुरे' एवढा उदारपणा करावा. यात कोणाचा दर्जा घसरत नाही. यादी नसल्यामुळं मात्र प्रत्येक अर्ज हा पहिलाच अर्ज असल्यासारखा फिरतो, आणि लिपिकाला नकार देणं सर्वांत सुरक्षित वाटतं; त्यात त्याची चूकही म्हणता येत नाही.

यादी होईपर्यंत ज्यांना निघायचंय त्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. बदल करायचाच तर पहिल्या वर्षानंतर करावा, सत्राच्या मध्ये नको. एटीकेटी राहिली असेल तर ती आधी सोडवावी, राहिलेला विषय घेऊन दुसऱ्या विद्यापीठाच्या दारात गेलं की बोलणं तिथंच संपण्याची शक्यता जास्त. ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीचा अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकांच्या यादीसकट, विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यानं घेऊन ठेवावा. दोन वर्षांनी पॅटर्न बदलतो आणि जुनी प्रत शोधायला कोणी सापडत नाही. क्रेडिटच्या खात्यात क्रेडिट्स खरोखर चढली आहेत का हे घरबसल्या तपासता येतं, ते निकालानंतर लगेच तपासावं. आणि शक्य असेल तिथं, पुढच्या ठिकाणाहून लेखी होकार मिळेपर्यंत टीसी काढू नये.

खरं तर शिरवळ-खंडाळ्याकडं दिलेल्या मुलीसाठी सर्वांत सोपी वाट ही की कॉलेज बदलूच नये. शिरवळहून भोरला एसटीनं तासाभरात येता येतं. राहायचं सातारा जिल्ह्यात, शिकायचं पुणे जिल्ह्यात; असा नियम कुठंही नाही की विद्यार्थ्यानं विद्यापीठाच्या हद्दीतच झोपलं पाहिजे. हजेरी ७५ टक्के लागते, प्रात्यक्षिकाला तर चुकवून चालत नाही, सकाळच्या गाडीची वेळ आणि सासरचा स्वयंपाक यांचा मेळ घालावा लागतो. स्वयम्‌ या सरकारी व्यासपीठावरून ऑनलाइन विषय घेऊन सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स मिळवायची सोय अनुदान आयोगानं दिलेली आहे. तुमचं विद्यापीठ त्यातलं किती मानतं ते आधी विचारून घ्यावं. फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब ऑनलाइन पडत नाहीत, पण भाषेचा किंवा खुल्या वैकल्पिकाचा विषय तसा उरकला तर आठवड्यातल्या एसटीच्या फेऱ्या कमी होतील. वाई किंवा महाडच्या सुनेला एवढंही शक्य नाही. वरंधा घाट तर अलीकडं पावसाळ्यात वाहतुकीला बंदच करतात, ऐन प्रवेशाच्या दिवसांत.

आतापर्यंत हा प्रश्न थोड्यांचा होता. लग्न झालेल्या मुली, परत आलेले मुलगे, बदली झालेल्यांची पोरं. प्रत्येक वर्गात एक-दोन. त्यामुळं तो 'वैयक्तिक अडचण' या सदरात गेला. २०२४ मध्ये संलग्न महाविद्यालयांत एफ.वाय.ला बसलेली तुकडी २०२७ च्या उन्हाळ्यात तीन वर्षं आणि १३२ क्रेडिट्स पुरी करील. त्यापुढं चौथं, ऑनर्सचं वर्ष आहे, आणखी ४४ क्रेडिट्सचं. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, शिवाय मार्गदर्शक आणि तशी प्रयोगशाळा असलेलं ठिकाण. लहान तालुक्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक विषयाला, ते असणार नाही. मग भोर-वेल्ह्यातली हुशार मुलं पुण्याकडं निघतील. त्यातली कित्येक स्वायत्त महाविद्यालयांच्या दारात उभी राहतील, हातात भोर-विंझरची १३२ क्रेडिट्स घेऊन. त्यांना कॉलेज बदलावंच लागेल, कारण चौथं वर्ष गावात नाही. यादी करायला अभ्यास मंडळांकडं तेवढाच वेळ आहे, जून २०२७ पर्यंतचा.